मुंबईचं गाईड पुस्तक घ्यायचं? आधी सिद्धिविनायकाचं पान उघडा

कापूस निघाला की आमच्या दर्यापूरकडून कोणी ना कोणी मुंबई पाहायला निघतंच, आणि दरवर्षी दोन-चार जण मला विचारतात की भाऊ पुस्तक कोणतं घेऊ. एखादा पोट्टा मधात बोलतोच, मोबाईल असताना पुस्तक काहून पाह्यजे. असू दे ना मोबाईल, पण बडनेऱ्याहून रात्रभर जनरल डब्यात बसून सकाळी दादरला उतरलं की बॅटरी किती उरते ते मी पाहून बसलो आहे.

भाषा घरातल्या सगळ्यांना वाचता येईल अशी. पुस्तक फक्त मुंबईचं, 'संपूर्ण महाराष्ट्र दर्शन' नको, त्यात मुंबई आठ पानात उरकतात. हॉटेलांची यादी वाचूच नका, दर कधीचे बदललेले असतात.

आता खरी गोम. पुस्तक नवीन आहे, का जुनंच माल नव्या कव्हरात घालून विकून राहिले, हे ओळखायचं कसं? मी यात फसलो आहे. स्टँडवरच्या एका स्टॉलवरून घेतलं होतं, कव्हरवर सी लिंकचा चकाचक फोटो. साळ्याकडे बोरिवलीला मुक्काम, सकाळी आईला घेऊन स्लो लोकलनं सिद्धिविनायकाला निघालो, पुस्तकात लिहिलेलं की एल्फिन्स्टन रोडला उतरा. मी कान लावून बसलो, प्रभादेवी आलं, गेलं, मी आपला जागेवरच, लोअर परळ आलं तेव्हा शेजारचा म्हणतो काका एल्फिन्स्टनचंच नाव प्रभादेवी झालं ना. परत फिरायला पुलाचा जिना चढताना आई जे बोलली ते इथं लिहीत नाही.

तर दुकानात उभ्या उभ्या सिद्धिविनायकाचं पान काढा. एल्फिन्स्टन रोड लिहिलं असेल तर मजकूर २०१८ च्या आधीचा, कारण त्या वर्षी जुलैत नाव बदललं. नुसतं प्रभादेवी स्टेशन असेल तर मधल्या काळातलं, स्वस्तात मिळालं तर चालेल. आणि सिद्धिविनायक नावाचं मेट्रो स्टेशन दिलं असेल तर घ्या बिनधास्त, कारण ती आरे ते कफ परेड भुयारी मेट्रो पूर्ण सुरूच झाली ऑक्टोबर २०२५ मध्ये.

दुकानदार म्हणेल नवीन आवृत्ती आहे. त्याच्या तोंडाकडे नाही, आतल्या पहिल्या-दुसऱ्या पानावर पाहा, बारीक अक्षरात असतं. 'पुनर्मुद्रण' म्हणजे तेच जुनं परत छापलं, त्याच्यापुढचं साल कितीही ताजं असो, मजकूर जुनाच. 'सुधारित आवृत्ती' पाहिजे, आणि ती असली तरी सिद्धिविनायकाचं पान पाहाच, कारण सुधारित म्हणून नुसतं कव्हर सुधारणारे बम आहेत. किमतीवर स्टिकर असेल तर नखानं कोपरा उचला, खाली जुनी किंमत निघाली की पुस्तक किती वर्षं पडून आहे ते कळतं. दुकानदार रागावला तर रागावू द्या.

दुसरं पान उघडायचं राणीच्या बागेचं. ती बुधवारी बंद असते, घारापुरीची लेणी सोमवारी बंद. पुस्तकात सुट्टीचा वार नसेल तर ते लिहिणारा तिथं गेलाच नाही असं मी धरतो. लेकरं घेऊन भायखळ्याला जायचं आणि कुलूप पाहून यायचं, हे कोणाला परवडते?

नकाशात रेल्वेच्या तिन्ही लाईनी, वेस्टर्न, सेंट्रल, हार्बर, वेगवेगळ्या दिसल्या पाहिजेत. मुंबईत पूर्व-पश्चिम म्हणजे सूर्य नाही बाप्पा, रूळाची कोणती बाजू ते, चुकीच्या बाजूला उतरले की परत पूल चढा. गेटवे, ताज, हत्ती असे चित्रं चिटकवलेला नकाशा लेकरांसाठी ठीक आहे, वाट काढायला त्याचा काही उपयोग नाही.

घेतल्यावर रेल्वेच्या नकाशाच्या पानाची झेरॉक्स काढून सोबतच्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या खिशात एक एक द्या, मागच्या बाजूला मुक्कामाचा पत्ता आणि दोन फोन नंबर लिहून, आणि दादरवर लाल पेननं गोल. हरवलं तर कोणालाही तो कागद दाखवायचा.