भरतीचे पाणी भातशेतात शिरले तर चिखलणीची घाई नको

खारे पाणी ओसरले आणि पाऊस लागला की लगेच चिखलणीला हात घातला जातो. पीक हातचे जाते ते इथेच. चिखलणीने मातीतली छिद्रे बुजतात, पाणी खाली झिरपत नाही आणि मीठ मुळांच्या थरातच अडकून राहते. म्हणून आधी मीठ धुवा, मग चिखल करा.

शिरलेले पाणी खाचरात आटू देऊ नका. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. असे १० सेंमी पाणी जागीच आटले, तर गुंठ्याला जवळपास साडेतीन क्विंटल मीठ मागे उरते. खाडीचे पाणी कमी खारे असले तरी धोका तोच. ओहोटी लागताच उघाडी (बांधातला पाणी सोडायचा दरवाजा) पूर्ण उघडा आणि भरती चढण्याआधी बंद करा.

मग पावसाचे १० ते १५ सेंमी पाणी एक-दोन दिवस तुंबवून ओहोटीला सोडून द्या. हे पुन्हापुन्हा करावे लागते, एका धुण्याने भागत नाही. सोडण्याआधी क्षारता मीटरने मोजा. तुंबलेल्या पाण्याची क्षारता २ डेसीसायमन प्रति मीटरच्या खाली आली की लावणीचा विचार करा. जमीन सुधारण्यासाठी टाकायच्या जिप्समवर मात्र माती तपासल्याशिवाय खर्च करू नका, सामू (pH) ८.५ च्या वर असेल तरच त्याचा खरा उपयोग.

भाताचे बी खारेपणात रुजते, पण कोवळे रोप लवकर करपते. त्यामुळे रोपवाटिका गोड्या पाण्याच्या उंच जागी करा, ३० ते ३५ दिवसांची रोपे घ्या आणि १५ × १५ सेंमीवर चुडात ३-४ रोपे लावा. वाण क्षार सहन करणारे हवे. स्वर्णा सब-१ पुराच्या पाण्याखाली सुमारे दोन आठवडे तग धरते, पण तो गुण गोड्या पाण्यातला. मिठापुढे चालत नाही. लावणीनंतर खाचर कोरडे पडू देऊ नका, खालचे मीठ वर चढते. फुलोऱ्यात तर मुळीच नको.

बांध गळका असेल तर हे सारे धुणे वाया जाते. खेकड्यांची बिळे वरून लिंपून उपयोग नाही; बीळ शेवटपर्यंत खणा आणि चिकणमाती १५ सेंमीच्या थरांनी ठोकून भरा. बाहेरची कांदळे (खारफुटी) तोडू नका, लाटेचा जोर तीच मोडतात. उधाण साधारण अमावस्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी सर्वांत मोठे असते, तेव्हा उघाडीच्या झडपेत अडकलेला काडीकचरा त्याआधीच काढून ठेवा.