ब्रीडिंगसाठी कुत्र्याची डीएनए टेस्ट करताय? सर्व्हिस निवडताना या चुका टाळा

हल्ली लॅब्राडोर किंवा गोल्डन रिट्रीव्हरचं पिल्लू बघायला गेलं की ब्रीडर आधीच सांगून टाकतो, आईबाप दोघं डीएनए टेस्टेड आहेत. चांगलीच गोष्ट आहे. पण कशाकशासाठी टेस्टेड, कुठल्या लॅबमधून, रिपोर्टवर मायक्रोचिपचा (कुत्र्याच्या कातडीखाली बसवलेल्या ओळखचिपचा) नंबर आहे का, एवढं विचारलं की बऱ्याचदा गाडी तिथंच अडते. दरवेळी यात फसवाफसवी असते असं अजिबात नाही, खूप जण मनापासून पैसे घालतात पण भलतीच टेस्ट करून बसतात आणि मग वाटतं आपलं काम झालं. माझं म्हणणं एवढंच आहे की आधी आपल्या जातीत नेमकी कोणती दुखणी आनुवंशिक आहेत ते बघा आणि मग ती नेमकी तपासणारी लॅब शोधा. उलट्या बाजूनं सुरुवात केली, म्हणजे आधी ऑफर बघून किट मागवलं आणि मग रिपोर्टमध्ये काय आलंय ते वाचत बसलो, की पैसे तर जातातच पण भोगायचं पिल्लांना लागतं.

ब्रीड ओळखणारी टेस्ट म्हणजे हेल्थ टेस्ट नव्हे

सगळ्यात कॉमन घोळ हा. ऑनलाइन जी स्वस्तातली किट्स दिसतात त्यातली बरीच फक्त कुत्र्यात कोणकोणत्या जाती मिसळल्यात ते सांगतात. त्यात आजारांचं काहीच नसतं किंवा हेल्थचे पैसे वेगळे असतात. शिवाय जात सांगायची पद्धत अशी की कंपनीकडे ज्या जातींचे नमुने आधीपासून जमा आहेत त्यांच्याशी तुमच्या कुत्र्याची तुलना होते, त्यामुळे जी जात त्यांच्या यादीतच नाही ती रिपोर्टमध्ये येणारच नाही, तिच्या जागी जवळपासच्या दुसऱ्या जातींची टक्केवारी येते. आपल्याकडे लातूर-सोलापूर पट्ट्यात कारवान जातीची कुत्री पाळणारे आहेत, पलीकडे बागलकोटकडे मुधोळ. अशा कुत्र्याचा रिपोर्ट तीन-चार परदेशी नावं घेऊन आला म्हणून कुत्रं भेसळीचं ठरत नाही. किट घेण्याआधी कंपनीची यादी उघडा, आपली जात त्यात आहे का बघा, नसेल तर त्या टेस्टवर एक रुपया घालू नका.

आणि आईबाप कोण हे सिद्ध करायचं असेल तर पेरेंटेज टेस्ट वेगळी असते, तिला आई, बाप आणि पिल्लू तिघांचे सॅम्पल लागतात.

"पीआरए क्लिअर आहे" एवढ्यावर विश्वास ठेवणं

यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण इथंच जाणकार माणसंही चुकतात. पीआरए म्हणजे डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी होत जाणारा आजार, आधी रात्रीचं दिसेनासं होतं, कुत्रं अंधारात जिना उतरायला कचरतं आणि मग पूर्ण आंधळेपणा येतो. औषध नाही. पण पीआरए हा एकच आजार नाहीये, एकाच नावाखाली वेगवेगळ्या जीनमधले बरेच दोष येतात. लॅब्राडोरमध्ये मुख्यतः पीआरसीडी नावाचा प्रकार तपासतात. गोल्डनमध्ये पीआरसीडी तर आहेच पण जीआर-पीआरए१ आणि जीआर-पीआरए२ असे आणखी दोन वेगळे प्रकार आहेत. म्हणजे गोल्डनचा स्टड (मेटिंगसाठीचा नर) पीआरसीडीला क्लिअर, म्हणजे तो दोष नसलेला, असला तरी बाकी दोनचं काय हा प्रश्न उरतोच. त्यामुळे रिपोर्टवर नुसतं पीआरए असं लिहून भागत नाही, जीनचं नाव आणि कुठलं म्युटेशन (जीनमधला बदल) तपासलं तेही हवं, आणि जी लॅब हे लिहून देत नाही ती माझ्या मते ब्रीडिंगच्या कामाची नाही.

लॅब्राडोरसाठी पीआरसीडीच्या जोडीला ईआयसी (जोराच्या व्यायामानं कोसळणं), सीएनएम (स्नायू कमकुवत होणं), एचएनपीके (नाक कोरडं पडून भेगा जाणं) आणि एसडी२ (पाय आखूड राहणं) बघतात. यातला ईआयसी आपल्या हवेत फार महत्त्वाचा वाटतो मला. कुत्रं एरवी एकदम ठणठणीत, पण पाच ते पंधरा मिनिटं जोरात बॉलमागे पळवलं की मागचे पाय लुळे पडतात, अंग तापतं आणि ते कोसळतं, बरीचशी कुत्री थोड्या वेळात उठून पुन्हा नॉर्मल होतात, पण काही त्यातच जातात. मे महिन्यात हे घडलं की सगळे म्हणतात ऊन लागलं, आणि मग त्याच कुत्र्याचं मेटिंग पुढच्या सीझनला लावलं जातं! डीएनएम१ नावाच्या जीनची साधी टेस्ट आहे याला, पिल्लू कितीही लहान असलं तरी करता येते.

पॅनलमधला आकडा बघून भुलणं

दोनशेपेक्षा जास्त आजार एका किटमध्ये (यालाच पॅनल म्हणतात), असं वाचलं की बरं वाटतं. पण त्यातले तुमच्या जातीला लागू पडणारे कदाचित सहा-सात असतील आणि नेमका हवा तोच नसेल, असं होतं. एका जातीत सापडलेलं म्युटेशन दुसऱ्या जातीत तोच त्रास देईलच असंही नाही. डाल्मेशियनचं उदाहरण घ्या, लघवीतून युरिक अॅसिड जास्त जाण्याचं जे म्युटेशन आहे ते जुन्या शुद्ध रक्ताच्या प्रत्येक डाल्मेशियनमध्ये दोन्ही बाजूंनी असतंच. १९७३ साली अमेरिकेत पॉइंटरशी एक क्रॉस करून चांगला जीन त्या जातीत परत आणला गेला, त्या वंशातली कुत्री सोडली तर रिपोर्ट अफेक्टेड, म्हणजे दोषाच्या दोन्ही कॉपी असलेला, असाच येणार. हे माहीत नसलं तर माणूस घाबरून चांगलं कुत्रं बाद करून टाकतो.

उलट कोली किंवा त्या वंशातलं कुत्रं असेल तर एमडीआर१ (काही औषधं सहन न होण्याचा दोष) सोडूच नका. गोचीड, खरूज झाली की आपल्याकडे आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन सर्रास मारलं जातं, आणि हे म्युटेशन असलेल्या कुत्र्यात ते औषध मेंदूपर्यंत पोचतं, कुत्रं झिंगतं, फिट येतात, जीवही जातो. जर्मन शेफर्डमध्येही हे सापडतं, प्रमाण कोलीपेक्षा बरंच कमी.

आणि हिप डिस्प्लेशिया, म्हणजे खुब्याचा सांधा नीट न बसणं! तो कुठल्याही पॅनलच्या क्लिअर शिक्क्यानं सुटत नाही, कारण तो एका जीनचा खेळच नाही, बऱ्याच जीन्सचा आणि खाणं, वजन, व्यायाम यांचा मिळून आहे. त्याला एक्स-रेच लागतो. अमेरिकेतली ओएफए ही संस्था पक्कं सर्टिफिकेट २४ महिन्यांचं वय झाल्यावरच देते, म्हणजे दीड वर्षाच्या स्टडचे हिप्स डीएनएनं क्लिअर आहेत असं कुणी म्हणालं तर सरळ नमस्कार करून निघा.

कॅरियर आला की कुत्रं बाद करणं

पीआरसीडी, ईआयसी यांसारखे आजार व्हायला दोषाच्या दोन कॉपी लागतात, एक आईकडून एक बापाकडून. एकच कॉपी असलेला कॅरियर, तो स्वतः आजारी पडत नाही. कॅरियरला क्लिअरशी लावलं तर सरासरी निम्मी पिल्लं कॅरियर, निम्मी क्लिअर, आजारी एकही नाही. कॅरियर-कॅरियर लावलं तर मात्र चारातलं एक पिल्लू आजारी निघायची शक्यता, हे कधीच करू नका. स्वभाव चांगला, हिप्स चांगले, बांधा चांगला अशी फिमेल निव्वळ कॅरियर म्हणून काढून टाकली तर आधीच मोजकी असलेली चांगली रक्तं अजून कमी होतात आणि नात्यातली मेटिंग वाढतात. तिला क्लिअर स्टडशी लावा, पिल्लं टेस्ट करा, त्यातलं क्लिअर पुढे ठेवा.

जर्मन शेफर्डमधल्या डीएमच्या (मागचे पाय हळूहळू लुळे पडण्याच्या आजाराच्या) टेस्टचा रिपोर्ट अजून सावकाश वाचायचा. तिथे दोन कॉपी आल्या म्हणजे धोका आहे, आजार होणारच असं नाही. लॅबमध्ये फोनवर किंवा मेलवर हे समजावून सांगणारं कुणी आहे का हे पैसे भरायच्या आधी विचारून घ्या.

फिमेल हीटवर आल्यावर धावपळ

हीट (माज) सुरू झाल्यावर किट मागवायचं, मग सॅम्पल परदेशात पाठवायचं, मग रिपोर्टची वाट बघायची, यात दोन ते चार आठवडे सहज जातात आणि मेटिंगचे दिवस तोवर निघून गेलेले असतात. मग होतं काय, रिपोर्ट नंतर बघू म्हणून मेटिंग उरकून घेतात. जीन्स वयानुसार बदलत नाहीत, त्यामुळे हे काम दोन हीटच्या मधल्या शांत काळात करा.

सॅम्पल घेताना कुत्र्याला निदान अर्धा-पाऊण तास खायला देऊ नका. पिल्लू दूध पीत असेल तर आईपासून तासभर तरी लांब ठेवा, नाहीतर स्वॅबवर (तोंडातून नमुना घ्यायच्या काडीवर) आईच्या पेशी येतात आणि रिपोर्ट तिचाच निघू शकतो. स्वॅब जिभेवर फिरवायचा नाही, नुसती लाळ येते, गाल आणि हिरडीच्या मधल्या खोबणीत दाबून गोल गोल फिरवायचा. मग पूर्ण सुकू द्या आणि कागदी पाकिटात घाला. कोकणात पावसाळ्यात ओला स्वॅब प्लास्टिकमध्ये बंद केला तर बुरशी ठरलेली, फॅनखाली सुकवा. आणि चिप नंबरचं लेबल स्वॅब तोंडात घालायच्या आधी लावा, पाच पिल्लांचे स्वॅब घेऊन मग आठवून नावं टाकली की घोळ झालाच म्हणून समजा.

लॅब पारखायची कशी

इंटरनॅशनल पार्टनरशिप फॉर डॉग्ज या संस्थेचा एचजीटीडी नावाचा डेटाबेस आहे, फुकट बघता येतो. जात टाकली की कोणत्या टेस्ट तिला लागू आहेत आणि कोणत्या लॅब त्या करतात ते दिसतं. कोणत्या जीनमध्ये काय सापडलंय हे सिडनी युनिव्हर्सिटीच्या ओएमआयए या प्राण्यांच्या आनुवंशिक आजारांच्या डेटाबेसमध्ये मिळतं. लॅबला विचारा, आयएसओ १७०२५ (लॅबच्या कामाच्या दर्जाची) मान्यता आहे का, टेस्ट तुम्ही स्वतः करता की पुढे पाठवता. इथली एजन्सी असेल तर मूळ लॅबचा रिपोर्ट मिळणार का, की एजन्सीनं स्वतःच्या लेटरहेडवर टाइप केलेला. किंमत मी शेवटी बघते, कारण चार नेमक्या टेस्ट वेगवेगळ्या घेतल्या तरी कधी कधी मोठ्या पॅनलपेक्षा स्वस्त पडतात.

रिपोर्टमध्ये गडबड दिसली तर

सॅम्पल फेल आला तर परत स्वॅबच्या नादी लागू नका, व्हेटकडून ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) ट्यूबमध्ये रक्त काढून पाठवा, मात्र ते पाठवायला कुरिअर आणि कागदपत्रं काय लागतील ते लॅबला आधी विचारून ठेवा. दोन लॅबचे रिपोर्ट वेगळे आले तर दोघांनी तेच म्युटेशन तपासलंय का ते आधी जुळवा, निम्म्या वेळा भांडण तिथंच मिटतं.

आईबाप दोघं क्लिअर आणि पिल्लू कॅरियर निघालं, तर पहिला संशय सॅम्पल अदलाबदलीचा आणि दुसरा बापाचा. एकाच वेतात दोन बापांची पिल्लं असू शकतात, फिमेल त्या दिवसांत दुसऱ्या नराला लागली असेल तर हे होतं. व्हेटसमोर चिप स्कॅन करून आई, बाप, पिल्लू तिघांचं नव्यानं सॅम्पल घ्या आणि पेरेंटेज टेस्ट सोबतच करा. याच कारणासाठी आईबाप क्लिअर म्हणून पिल्लं क्लिअर, हे पिढ्यानपिढ्या धरून चालायचं नाही, एक-दोन पिढ्यांनी परत टेस्ट करा. उत्तर येईपर्यंत त्या दोघांचं मेटिंग थांबवा आणि आधीची पिल्लं ज्यांच्याकडे गेलीत त्यांना फोन करून स्पष्ट सांगा, कारण त्यातलं कुणी ना कुणी पुढच्या हीटला मेटिंग लावायच्या तयारीत असेल.