अंगात बसलेला धसका : शरीराच्या वाटेने उतरवण्याची रीत

रावेर-यावलकडे वादळी वाऱ्यात कापणीला आलेली केळीची बाग ज्याच्या डोळ्यांदेखत आडवी झाली, त्याच्या पोटात पुढच्या वैशाखात नुसता वारा सुटला तरी गोळा येऊ शकतो. 22 जानेवारी 2025 रोजी पाचोरा तालुक्यात परधाड्याजवळ, आगीच्या अफवेने पुष्पक एक्स्प्रेसमधून खाली उतरलेल्या प्रवाशांना शेजारच्या रुळावरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसने चिरडले. असे काही जवळून पाहिलेल्या माणसाचे अंग इंजिनाची शिट्टी ऐकताच ताठ झाले, तर तो मनाचा कमकुवतपणा नव्हे. संकटात शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होते, आणि दोन्ही शक्य नसेल तेव्हा थिजते. संकट टळल्यावरही ही सज्जता पुरती उतरली नाही, तर छातीतली धडधड, हातापायांचा गारठा आणि उडालेली झोप मागे राहते. आपल्याकडे अशा वेळी ‘मन घट्ट कर’ असे सांगतात. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, परंतु आधीच आवळलेल्या अंगाला आणखी घट्ट व्हायला सांगणे मला योग्य वाटत नाही.

शरीराधारित उपचारांचा विचार इथूनच सुरू होतो. अमेरिकेतील पीटर लेव्हीन यांनी विकसित केलेल्या ‘सोमॅटिक एक्सपिरियन्सिंग’ या पद्धतीत घडलेली हकीकत पुन्हापुन्हा सांगण्यापेक्षा, ती आठवताना अंगात काय होते याकडे हळूहळू लक्ष नेले जाते. या पद्धतीवरचे संशोधन अजून मर्यादित आहे, हे आधीच जाणून घ्यावे. आघातोत्तर ताणविकारासाठी, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर दीर्घकाळ टिकून राहणाऱ्या अशा त्रासासाठी, जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्ये आघातावर केंद्रित बोधात्मक वर्तन उपचार (त्या प्रसंगाविषयीचे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारा) आणि डोळ्यांच्या हालचालींवर आधारलेली ‘ईएमडीआर’ पद्धत यांची शिफारस केली आहे. त्यामुळे पुढील सराव हा घरी घ्यायचा आधार आहे, उपचाराचा पर्याय नव्हे. छातीत दुखत असेल किंवा दम लागत असेल, तर प्रथम डॉक्टरांकडून तपासून घ्यावे, आणि चालू असलेली औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

खान्देशातल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत दुपारी हा सराव करू नये, कारण उकाड्यानेच जीव घाबरा होतो आणि तो उकाडा की धसका हे कळेनासे होते. पहाटे किंवा दिवस मावळल्यावर ओट्यावर, पाठीला भिंतीचा आधार घेऊन बसावे. डोळे मिटण्याची गरज नाही. आघात सोसलेल्या अनेकांना मिटल्या डोळ्यांनी अधिक भीती वाटते. मान सावकाश एका बाजूकडून दुसरीकडे वळवत समोरचे कडुनिंबाचे झाड, बाज, माठ, दोरीवर वाळणारे कपडे अशी एकेक वस्तू निवांत पाहावी. आत्ता, या जागी धोका नाही, ही खूण शरीराला डोळ्यांवाटेच आधी पटते. मग अनवाणी तळवे जमिनीला टेकवून फरशीचा किंवा सारवलेल्या जमिनीचा गारवा आणि आपले वजन पेलणारा तिचा टणकपणा जाणवू द्यावा.

यानंतर अंगातली एखादी बरी जागा शोधावी. ती छाती असलीच पाहिजे असे नाही; मांडीवर टेकलेले हात किंवा टाचा एवढीच जागा निवांत असली तरी पुरते. तिथे थोडा वेळ थांबल्यावरच पोटातल्या गोळ्याकडे किंवा घशातल्या आवंढ्याकडे चार-पाच श्वासांपुरते लक्ष न्यावे, तो गरम आहे की गार, वाढतो की विरतो, एवढेच पाहावे आणि लगेच बऱ्या जागेकडे परतावे. ही येजा दोन-तीनदा केली की त्या दिवसापुरते थांबावे. सर्वांत जास्त चूक इथेच होते : एकदाचे सगळे बाहेर काढू, या ईर्ष्येने माणूस थेट त्या दिवसाच्या आठवणीत उतरतो आणि धसका उतरण्याऐवजी पुन्हा बसतो. मधेच हातपाय थरथरले, जांभई आली किंवा डोळ्यांत पाणी आले, तर ते दाबू नये, मुद्दाम वाढवूही नये.

श्वास चार अंक मोजेपर्यंत घ्यावा आणि सहा अंक मोजेपर्यंत सोडावा. श्वास सोडताना हृदयाची गती स्वाभाविकपणे मंदावते, म्हणून सोडणे लांबवायचे. श्वासाकडे लक्ष देऊनच घाबरायला होत असेल, तर तो नाद सोडून दोन्ही तळहातांनी भिंत जोर लावून ढकलावी आणि मग हात सैल सोडावेत. थिजल्यासारखे वाटणाऱ्यांना हे अधिक मानवते.

सराव करताना आजूबाजूचे सारे दूर, धुक्यातले वाटू लागले किंवा अंग बधिर झाले, तर तिथेच थांबून माठातल्या पाण्याने तोंड धुवावे, उठून चार पावले चालावे आणि घरातल्या कोणाशी तरी रोजचेच काही बोलावे. असे वारंवार होत असेल, तो प्रसंग डोळ्यांसमोर पुन्हा घडतोय असे वाटत असेल किंवा भीती दाबण्यासाठी दारूचा आधार घेतला जात असेल, तर एकट्याने सराव करू नये. जळगाव, धुळे आणि नंदुरबार येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. तेथे मनोविकारतज्ज्ञाची भेट मागावी. जीव नकोसा वाटत असेल, तर क्षणभरही न थांबता घरच्यांना सांगावे आणि ‘टेलि-मानस’च्या 14416 या क्रमांकावर फोन करावा, ही शासकीय सेवा विनामूल्य असून दिवसरात्र चालू असते.

घरच्यांनी त्या माणसाला ‘काय झालं होतं ते सांग’ असे खोदून विचारू नये. त्याच्या समोर उभे न राहता शेजारी बसावे, आणि जवळचे नाते असले तरी स्पर्श करण्याआधी ‘खांद्यावर हात ठेवू का?’ एवढे विचारावे. तो नाही म्हणाला, तर हात आपल्याकडेच ठेवून नुसते बसून राहावे.