ग्लॅडिओलसचा पहिला हंगाम: लावणीआधीची तयारी

सुरुवात बाजारातून करा, वावराचं नंतर पाहू. ग्लॅडिओलस म्हणजे लांब दांड्यावर ओळीने फुलणारं, कंदापासून येणारं फूल. त्याच्या कंदांचे पैसे भरण्याआधी एकदा पहाटे नागपूरला बर्डीच्या फूलबाजारात उभे राहा. कोणता रंग आधी उचलला जातो, दांडा किती लांब लागतो, जुडी दहाची की बाराची, अडत किती कापतात, हे वहीत लिहून आणा. तालुक्याच्या डेकोरेशनवाल्यांनाही विचारा. नवख्या माणसाला जवळचं गिऱ्हाईक जास्त सांभाळून घेतं.

मग पंचांग काढा. लावणीपासून कापणीला वाणाप्रमाणे 60 ते 90 दिवस लागतात, म्हणून लग्नतिथीपासून मागे मोजत लावणीची तारीख धरा. पौषात मागणी बसते, तेव्हाचा माल टाळा. पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने तुकडे पाडा. सगळं एकदम लावलं तर सगळं एकदमच फुलेल, आणि भाव तिथेच पडेल.

कंद 4 ते 5 सेंटिमीटर जाडीचा, दाबून टणक लागणारा घ्या. ताजा काढलेला कंद दोन-तीन महिने झोपेत असतो, उगवतच नाही. तेव्हा शीतगृहातून निघालेला आहे ना, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. 30 बाय 20 सेंटिमीटरवर लावायचं तर वाटा सोडून गुंठ्याला साधारण बाराशे ते पंधराशे कंद बसतात. पहिल्या वर्षी दोन-तीन गुंठ्यांच्या पुढे जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

पाणी तपासायला लोक विसरतात, आणि इथे तेच महत्त्वाचं. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या कित्येक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. ग्लॅडिओलसला ते अजिबात सोसत नाही; पानांचे शेंडे करपतात, पाकळीची कडा जळते. अशा गावात विहिरीचं किंवा शेततळ्याचं पाणी तपासून तेच वापरा.

काळ्या जमिनीत गादीवाफेच हवेत, नाहीतर मर लागते. लावणीआधी कंद कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या द्रावणात अर्धा तास बुडवा. रानडुकरांची वाट असेल तर धुऱ्याला कुंपण आधी.

कापणीची तालीम घरच्यांना आधीच द्या. खालच्या एक-दोन कळ्यांनी रंग दाखवला की सकाळी गारव्यात धारदार चाकूने दांडा कापायचा, झाडावर चार पानं ठेवायची आणि दांडा लगेच बादलीतल्या पाण्यात. त्यानंतर तो कधीही आडवा ठेवायचा नाही. आडवा पडला की शेंडा गुरुत्वाकर्षणाच्या उलट, वरच्या बाजूला वळतो, आणि वाकडी दांडी अडत्या बाजूला काढतो. म्हणून उभ्या बादल्या मावतील असा छोटा हत्ती, म्हणजे लहान मालटेम्पो, आत्ताच बोलून ठेवा.

फुलं संपल्यावर पाणी एकदम तोडू नका. ती चार पानं खाली पुढच्या वर्षीचा कंद पोसतात. पानं पिवळी पडली की कंद काढून सावलीत वाळवा. वैशाखात टिनाखाली ठेवलेले कंद सुकून जातात, त्यांना 4 ते 5 अंशांचं शीतगृह लागतं. तिथली जागा आणि महिन्याचं भाडं लावणीआधीच विचारा, कारण ते खर्चात धरल्याशिवाय दांड्याचा खरा भाव निघत नाही.