आफ्रिकी फौजांसोबत काम करायचंय? भाषेच्या या चुका टाळा

पुण्यात औंधला २०१९ आणि २०२३ मध्ये भारतीय लष्कराचा आफ्रिकी देशांच्या तुकड्यांसोबत संयुक्त सराव झाला. 'आफ्रिकेची भाषा शिकवा' ही मागणी किती भाबडी आहे, ते अशा मैदानावर लगेच कळतं. सेनेगलचा अधिकारी फ्रेंच बोलतो, मोझांबिकचा पोर्तुगीज, टांझानियाचा स्वाहिली.

सर्वात महागात पडणारी चूक म्हणजे देशाची राजभाषा शिकली की काम झालं असं मानणं. मध्य आफ्रिकेतल्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकाचंच बघा. तिथे संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत आपल्या पलटणींनी अनेक वर्षं काढली आहेत. राजभाषा फ्रेंच, आणि ती अधिकाऱ्यांशी बोलायला उपयोगी पडते. पण काँगोच्या फौजेत शिपायांची बोली बेल्जियन राजवटीपासून लिंगाला आहे. पूर्वेकडच्या नॉर्थ किवू प्रांतातल्या गावात मात्र बाजारहाट स्वाहिलीत चालतो, आणि तिथे लिंगाला ऐकली की लोकांना फौजी आठवतात, त्यांचे तपासणी नाके आठवतात. म्हणजे शेजारच्या तळावरच्या शिपायाला जवळ आणणारी भाषा गावकऱ्याला दूर लोटू शकते. म्हणून जवानांना एक भाषा अर्धवट शिकवण्यापेक्षा तिन्ही भाषांतले रामराम, खुशाली, 'थांबा', 'जखमी कुठे आहे' एवढं पक्कं करून घ्यावं. आणि कुठे काय बोलायचं, हेही.

दुसरी गडबड दुभाष्याची. समोर कर्नल बसलाय आणि आपण दुभाष्याकडे बघून बोलतोय, हे तर नेहमीचंच. नजर कर्नलकडेच ठेवा, वाक्यं छोटी ठेवा. तुमचं पाच मिनिटांचं बोलणं दोन वाक्यांत उरकलं गेलं, तर तिथेच थांबा. 'कळलं का?' विचारू नका. होकारच येणार, आपल्या पलटणीतही येतो. त्याऐवजी समोरच्यालाच नकाशावर बेत सांगायला लावा. चूक निघाली तर चारचौघांत नको, बाजूला घेऊन सांगा.

दुभाष्या कुठल्या समाजाचा, हेही पाहावं लागतं. काँगोच्याच इटुरी प्रांतात हेमा आणि लेंडू या दोन समाजांचं वैर आहे. एका गटाचा दुभाष्या दुसऱ्याच्या गावात नेलात, तर लोक तोंड उघडणार नाहीत. तुम्ही मुदत संपली की परत जाल, त्याला तिथेच राहायचंय. खबऱ्यांच्या भेटीत त्याचा फोटो काढू नका. काँगोच्या शिपायाला 'आधी कुठल्या गटात होतास?' असंही सहज विचारू नका: सरकार आणि बंडखोरांमधल्या २००९ च्या करारानंतर बरेच बंडखोर तिथल्या फौजेत सामील झालेत.

केनिया-टांझानियात घड्याळही घोटाळा करतं. स्वाहिलीत दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. त्यांचे सकाळचे दोन म्हणजे आपले आठ. गस्तीची वेळ तोंडी ठरवू नका, चोवीस तासांच्या पद्धतीने लिहून द्या.

प्रशिक्षणाची वेळही चुकते. निघण्याआधीच्या आठवड्यात, लसी आणि सामानाच्या धांदलीत भाषेचा तास ठेवला की डोक्यात काही राहत नाही. तो आधीपासून रोज थोडा घ्या. तळावर पोहोचल्यावर मोहिमेचे स्थानिक संपर्क सहायक भेटतात. पहिल्या गस्तीआधी प्रत्येक सेक्शन कमांडरला त्यांच्यासोबत बसवा.