सड्यावर सीतेची आसवं कशी बघायची

मुलांनो, गणपतीत गावी आलात की एक सकाळ सड्यासाठी राखून ठेवा. आमच्या रत्नागिरीकडे वाडीच्या वरच्या अंगाला जांभ्या दगडाचा सपाट सडा असतो. मे महिन्यात त्यावर पाय भाजतात, आणि भाद्रपदात तोच कातळ निळा-जांभळा होतो. तो रंग सीतेच्या आसवांचा, म्हणजे तिथे फुलणाऱ्या एका इवल्याशा फुलाचा.

सर ओसरली की निघा, सोबत घरातलं कुणीतरी मोठं घ्या. शेवाळावर पाय सटकतो, तेव्हा घट्ट बसणारे सँडल हवेत. भिंग, काचेची वाटी आणि औषधाच्या बाटलीतला ड्रॉपर विसरू नका. चालताना पाय उघड्या दगडावर टाका. माती जेमतेम बोटभर जाडीची असते आणि सगळी रोपं तिथेच उभी असतात.

आता उकिडवे बसा. उभ्याने नुसता रंग दिसतो, फूल दिसत नाही. फूल असतं सेंटिमीटरभर. त्याला दोन ओठ, वरचा लहान, खालचा पसरट. खालच्या ओठावर मध्ये उंचवटा आणि पांढरट डाग. एका बाजूने बघितलंत तर मागे टोकदार सोंड दिसेल. मध तिच्यात असतो. शेजारी पांढरी गोल बोंडं डुलत असतील, ते गेंद. हे दोघे बहुतेक जोडीनेच भेटतात.

आता खरी गंमत. या झाडाला मुळं नसतात! सड्यावरच्या मातीत झाडाला लागणारं नत्र फारच थोडं, त्यातलंही पाऊस धुऊन नेतो. मग हे झाड शिकार करतं. चिखलात त्याचे बारीक तंतू पसरलेले असतात आणि त्यांना मिलिमीटरभर किंवा त्याहूनही लहान फुगे असतात. फुगा आतलं पाणी बाहेर टाकतो आणि त्याच्या भिंती आत खेचल्या जातात. एखादा सूक्ष्म जीव दारापाशी आला नि तिथल्या केसांना लागला, की दार आत उघडतं, पाण्याबरोबर तो जीव आत ओढला जातो आणि दार बंद. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या कितीतरी आधी होतं.

घरी करून बघा. पाण्यात रव्याचे चार कण टाका. ड्रॉपरचं रबर दाबून धरा, टोक एका कणाजवळ न्या आणि रबर सोडा. कण आत! फुगा असाच ओढतो, फक्त त्याला दाबायला बोट लागत नाही.

सड्यावरचे फुगे बघायला रोप उपटायचं नाही, हे मी दरवर्षी प्रत्येक पोराला बजावते. त्यासाठी खाली डबक्यापाशी या. साचलेल्या पाण्यात याचाच एक भाऊबंद तरंगतो, फुलं पिवळी. त्याचे फुगे मोठे, भिंगाशिवायही दिसतात. वाटी अलगद पाण्यात बुडवून त्याची एक फांदी पाण्यासकट आत घ्या आणि वाटी उजेडाकडे धरा. काही फुगे पारदर्शक असतील, काही काळपट. काळपट ते जुने.

सातबाऱ्यावर अशी जमीन ‘पोटखराब’, म्हणजे लागवडीला न चालणारी, म्हणून लिहिलेली असते. ते शेतीच्या हिशेबाने. त्यामुळे कुणी उत्साहाने इथे मातीचे ढीग टाकून झाडं लावायला निघालं, तर त्यांना ही फुलं दाखवा. जाड माती आणि सावली आली की ही टिकत नाहीत. चिरेखाणीत तर कातळच जातो. साताऱ्याचं कास पठार २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत आलं, तिथलीही निळाई बरीचशी याच कुळातल्या फुलांची आहे. तिथे गेलात तर आखलेल्या वाटेवरूनच चाला.

बघून झालं की वाटीतलं पाणी फांदीसकट त्याच डबक्यात सोडा, दुसऱ्या नाही. आणि घरी आल्यावर हातपाय साबणाने स्वच्छ धुवा.