पंखा पुरेल का? ऑफिसमधल्या उकाड्याचा आधीच अंदाज

एसी नसलेल्या, खिडक्या उघडता येणाऱ्या ऑफिससाठी ‘इमॅक’ हे लोकांना कोणतं तापमान सुखकर वाटेल ते सांगणारं भारतीय मॉडेल वापरा. बाहेरच्या तापमानाची गेल्या 30 दिवसांची सरासरी घ्या, 0.54 ने गुणा, 12.83 मिळवा. पुण्यात एप्रिलमध्ये सरासरी 30 अंश धरली तर उत्तर 29 येतं. त्याच्या 2.38 अंश खाली-वर, म्हणजे साधारण 26.6 ते 31.4 अंशांत, 90 टक्के लोकांना ठीक वाटावं. सरासरी दिवस-रात्रीची हवी. फक्त दुपारचे आकडे घेतले की उत्तर फुगतं.

खरी गफलत खोलीत मोजताना होते, कारण नुसती हवा मोजली जाते. वरच्या मजल्यावर तापलेला स्लॅब संध्याकाळीही उष्णता फेकत राहतो. हवा 30 आणि भोवतालच्या पृष्ठभागांची सरासरी 36 असेल, तर मंद वाऱ्यात अंगाला 33 जाणवतं: मर्यादा ओलांडली! म्हणून हवा आणि पृष्ठभाग दोन्हींची उष्णता पकडायला टेबल टेनिसचा चेंडू मॅट काळा रंगवून आत तापमानाचा सेन्सर बसवा, जमिनीपासून 60 सेंमीवर, उन्हापासून दूर टांगा आणि आकडा स्थिरावला की टिपा.

खिडक्या बंद असलेल्या एसी ऑफिसात मात्र संशोधक फँगर यांचं पीएमव्ही, म्हणजे लोकांना सरासरी किती गरम-थंड वाटेल याचा अंदाज देणारं सूत्र, बरं. त्यात आर्द्रता, वारा, कपडे, हालचालही धरतात. खिडक्या उघड्या असलेल्या इमारतीत ते बऱ्याचदा प्रत्यक्षापेक्षा जास्त उकाडा दाखवतं.